छत्रभंग

गेल्या दिवाळीत आमच्या घराचा छत्रभंग झाला.

पूर्वी छत्रभंग राजेरजवाड्यांचे होत. सिंहासनावरचं छत्र कोसळलं की राज्य बुडालं असं समजावं, अशी रीत होती. आमच्याकडे सिंहासन नाही. दिवाणखान्यात एक सोफा आहे आणि त्याची एक स्प्रिंग बसणाऱ्याला पदच्युत करण्याच्या प्रयत्नात कायम असते. पण छत्र मात्र होतं. डोंबिवलीतल्या आमच्या तीन मजली इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीला खेटून, आकाशाकडे तोंड वासून बसलेली टीव्हीची डिश. आई तिला पहिल्या दिवसापासून 'छत्री' म्हणते. पाऊस आला की नेमकी दगा देणारी वस्तू म्हणजे छत्री, ही तिची व्याख्या आहे आणि माझ्या आजवरच्या सगळ्या छत्र्यांनी ती खरी करून दाखवली आहे.

माझ्या पिढीनं टीव्हीची सगळी स्थित्यंतरं गच्चीवरून पाहिली. १९८७ साली दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झालं तेव्हा मी सात वर्षांचा होतो. रविवारी सकाळी वडील गच्चीवर अँटेना फिरवत, आई टीव्हीसमोर उभी राही आणि मी जिन्यात. वडील वरून ओरडत, "आलं का?" मी खाली ओरडे, "आलं का?" आई म्हणे, "मुंग्या आहेत." मी वर ओरडे, "मुंग्या!" आमच्या घरातलं हे पहिलं नेटवर्क. त्यात अडथळा आलाच तर तो माझ्यामुळे यायचा, कारण जिन्यात मी मधूनच खिशातल्या गोट्या मोजायला बसे आणि वडील वर नुसतेच "आलं का? आलं का?" करत राहत.

पुढं अँटेना गेली, केबल आली. केबलच्या वायरी या गच्चीवरून त्या गच्चीवर वाळत घातलेल्या धोतरासारख्या लोंबत. मग २००८ मध्ये छत्री आली आणि वाटलं, आता थेट आकाशाशी संबंध. मध्ये कोणी नाही. मध्ये पाऊस आहे, हे जूनमध्ये कळलं.

या प्रकरणाचं शास्त्र मी नंतर समजून घेतलं, कारण चिडण्यापूर्वी माहिती असावी असा माझा प्रयत्न असतो. उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरवर असतो. तो पृथ्वीच्याच गतीनं फिरतो, म्हणून आपल्याला एका जागी उभा दिसतो. (आमच्या बँकेत काही सहकारी असे आहेत. दिवसभर फिरत असतात, पण जागचे हललेले दिसत नाहीत.) तिथून निघालेली लहर हजारो किलोमीटरची पोकळी बिनतक्रार पार करते आणि शेवटच्या चार-पाच किलोमीटरांत डोंबिवलीचा ढग लागला की अडते. या लहरींची लांबी जेमतेम इंचभर. जुलैतल्या टपोऱ्या थेंबांशी गाठ पडली की काही शोषल्या जातात, काही विखुरतात आणि नायिका तोंड उघडून चौकोनी तुकड्यांत गोठते. मुंबईपासून डोंबिवलीपर्यंत लोकल वेळेवर यावी आणि स्टेशनपासून घरापर्यंत रिक्षा मिळू नये, तसा हा प्रकार आहे. डोंबिवलीकराला तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

सौ.नं एकदा चिडून कंपनीला फोन लावला. तिकडच्या मुलीनं गोड आवाजात विचारलं, "मॅडम, आपल्याकडे पाऊस पडतोय का?"

"पडतोय."

"मग थांबेल, मॅडम," असं म्हणून तिनं तक्रार निकालात काढली.

दुसरं दुखणं पैशाचं. २०१९ साली ट्रायनं नवी दरपद्धत आणली. शंभर वाहिन्यांचं जोडणीभाडं १३० रुपये, त्यावर अठरा टक्के जीएसटी २३ रुपये ४० पैसे, एकूण १५३ रुपये ४० पैसे. आणि पैसे मोजून घ्यायच्या वाहिन्यांची किंमत वेगळी. हवं ते निवडा, तेवढ्याचेच पैसे द्या. तत्त्व इतकं सुरेख की त्यात काहीतरी गफलत असणार हे ओळखायला हवं होतं. मी वाणिज्य शाखेचा माणूस. तीन रविवार कागद-पेन्सिल घेऊन बसलो. तिसऱ्या रविवारी हिशेब लागला. नव्या पद्धतीत आम्ही पूर्वीपेक्षा चाळीस रुपये जास्त देणार होतो, मात्र आता ते स्वतःच्या निवडीनं देणार होतो. पुढं तेवढ्याच जोडणीभाड्यात दोनशे वाहिन्या मिळू लागल्या. त्यांतल्या आम्ही पाहायचो पाच. उरलेल्या एकशे पंच्याण्णव आमच्या घरात, लग्नाला आलेले लांबचे नातेवाईक राहतात तशा राहत होत्या. कोण, कुठले, माहीत नाही, पण आहेत.

तेव्हा चिरंजीवांनी "बाबा, डिश काढून टाकू" असा ठराव मांडला, तेव्हा मी विरोध केला नाही. चिरंजीव अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आहेत, म्हणजे घरातली प्रत्येक वस्तू उघडून पाहण्याचा त्यांना परवाना मिळालेला आहे. "ब्रॉडबँड तर आपण घेतलेलंच आहे. सगळं स्ट्रीमिंगवर बघायचं. महिन्याला साडेचारशे रुपये वाचतील. पाऊस असो, वादळ असो. फायबर काचेची असते, बाबा. आत प्रकाश धावतो."

एवढं झाल्यावर विरोध कसा करणार? शिवाय आम्ही एकटे नव्हतो. ट्रायच्या आकड्यांनुसार २०२१ च्या मार्चअखेर देशात छत्रीचे पैसे भरणारे जवळजवळ सात कोटी ग्राहक होते; २०२५ च्या मार्चअखेर ते सहा कोटींच्या खाली आले. एक कोटी माणसं एकाच वेळी चुकत नसावीत, असा विचार मी केला. (हाच विचार ती एक कोटी माणसंही करत असतील, हे लक्षात आलं नाही.) दिवाळीत रिचार्ज केलं नाही. छत्री गच्चीवरच राहिली, कारण भंगारवाल्यानं ती उतरवून नेण्याचे उलट आमच्याकडेच पैसे मागितले.

आता प्रकाश धावायला हवा होता. तो धावतही होता, पण दारापर्यंत. दारातून टीव्हीपर्यंत चालत येताना त्याला धाप लागत होती. पडद्याच्या मध्यावर एक गोल चक्र फिरू लागे आणि आम्ही चौघं त्या चक्राकडे, विष्णूच्या हातातल्या चक्राकडे भक्तांनी पाहावं तसे पाहत बसू.

मी नेहमीप्रमाणे पैसे टाकून प्रश्न सोडवायला गेलो. पन्नासच्या जागी शंभर मेगाबिटची योजना घेतली. मेगाबिट म्हणजे मेगाबाइट नव्हे, हे मला पैसे भरल्यावर समजलं. आठ बिटांचा एक बाइट; म्हणजे शंभराचे साडेबारा झाले. इतकी कपात आमच्या पगारातसुद्धा होत नाही. पण खरी मौज पुढंच. स्वच्छ, मोठ्या चित्रालाही सेकंदाला पाचेक मेगाबिट पुरतात. म्हणजे पन्नासचे शंभर करून मी, ज्याला एक पोळी पुरते त्याच्या पानात वीस वाढल्या होत्या आणि तरी तो उपाशी होता, कारण ताट दुसऱ्या खोलीत होतं.

ताट म्हणजे राउटर. तो बसवायला आलेल्या मुलानं "कुठं लावू?" असं विचारलं तेव्हा सौ.नं, शोभा जाऊ नये म्हणून, बेडरूममधल्या लोखंडी कपाटामागची जागा दाखवली होती. लोखंडातून वायफायच्या लहरी जात नाहीत. कपाटात दागिने सुरक्षित राहतात, त्याच कारणानं त्यामागचं इंटरनेटही सुरक्षित राहत होतं. राउटर कपाटामागून काढून देवघराच्या बाजूला टांगला. (आई आता सकाळी देवाबरोबर त्याच्यावरही एक फूल ठेवते. तिचं म्हणणं, दिवे लुकलुकतात त्याअर्थी जागृत आहे.) मग कळलं की लहरी दोन जातींच्या आहेत. २.४ गिगाहर्ट्झवाली भिंती ओलांडून लांब जाते, पण सावकाश, आणि सौ.नं मायक्रोवेव्ह लावला की अडखळते, कारण तोही त्याच पट्ट्यात गुरगुरतो. पाच गिगाहर्ट्झवाली चपळ, पण दोन भिंतींत दमते. एक जिद्दी आणि मंद, दुसरी हुशार आणि नाजूक. आमच्या शाखेत दोन क्लार्क आहेत. त्यांची आठवण झाली.

शेवटी चिरंजीवांनी एका रविवारी राउटरपासून टीव्हीपर्यंत सरळ वायर ओढली. वीस फूट. चक्र त्या क्षणी अदृश्य झालं. वीज गेली तरी राउटर चालू राहावा म्हणून लहानशी बॅटरी बसवली. एकूण काय, लोकप्रिय सिनेमांच्या प्रती कंपन्यांनी आपल्याच शहरांतल्या कोठारांत ठेवलेल्या. तिथून आमच्या दारापर्यंत काचेतून प्रकाशाच्या वेगानं प्रवास. आणि सगळं अडलं होतं शेवटच्या वीस फुटांवर. छत्रीचंही तसंच होतं. गाडी नेहमी घराजवळ येऊनच बंद पडते.

आमचं नेटवर्क आता खात्रीचं झालं. अधूनमधून पालिका रस्ता खणते आणि डब्यावर लाल दिवा लागतो, तेवढं सोडून.

आता थोडा जमाखर्च. साडेचारशे रुपये वाचले, हे खरं. पण क्रिकेटसाठी एक ॲप, मराठी मालिकांसाठी दुसरं, चिरंजीवांच्या इंग्रजी खूनखराब्यासाठी तिसरं. आणि चौथं कशासाठी घेतलं ते आज कोणालाच आठवत नाही. सगळ्यांचं मिळून महिन्याला सहाशे. रिझर्व्ह बँकेच्या २०२१ पासून लागू असलेल्या नियमाप्रमाणे असे पैसे आपोआप कापण्यापूर्वी निदान चोवीस तास आधी ग्राहकाला सूचना यावी लागते. ती येते. आली की मी सौ.ला विचारतो, "हे आपण बघतो का?" सौ. चिरंजीवांना विचारते. चिरंजीव म्हणतात, "बघतो." या "बघतो"चा अर्थ कार्यक्रम बघतो असा, की काय करायचं ते बघतो असा, याचा निर्णय होईपर्यंत चोवीस तास संपतात.

क्रिकेटची तर निराळीच कथा. उपग्रहाची जा-ये ७२,००० किलोमीटरची, पण लहरीला त्याला पाव सेकंद लागतो. स्ट्रीमिंगवाले चित्राचे काही सेकंदांचे तुकडे पाडतात, त्यांतले चार-दोन साठवतात आणि मग दाखवतात. त्यामुळे चक्र टळतं, पण चेंडू अर्धा मिनिट उशिरा पडतो. वरच्या मजल्यावरच्या काकांकडे अजून छत्री आहे. ते वरून "गेलाऽऽ!" असं ओरडतात तेव्हा आमचा गोलंदाज धावायलाही लागलेला नसतो. भविष्य कळणं हा शाप आहे असं पुराणात म्हटलंय, त्याचा अर्थ मला विश्वचषकात समजला.

आणि निवडीचा छळ! पूर्वी टीव्ही 'लावायचा' असे. लावला की जे येईल ते बघायचं आणि त्याला नावं ठेवायची, यातच निम्मं मनोरंजन होतं. आता आठ वाजता बसून आम्ही साडेआठपर्यंत काय बघायचं ते बघतो. चित्रपटांच्या त्या रांगा पाहताना लग्नाच्या पंगतीत वाढपी एकामागून एक येऊन गेले आणि पानात काहीच पडलं नाही, अशी अवस्था होते. मग एकेक जण उठतो, आपापला फोन घेऊन आपापल्या खोलीत जातो. मोठा टीव्ही कोणी न बघताच चालू राहतो. थोड्या वेळानं त्यालाच संकोच वाटून तो विचारतो की अजून कोणी बघतंय का?

इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं आहे. मीही नेलं. पुढचं मात्र माझ्या लक्षात यायला तीन महिने लागले.

आईनं टीव्ही बघणं सोडलं होतं.

आईचं वय अठ्ठ्याहत्तर. छत्रीच्या काळात तिला पाचही वाहिन्यांचे आकडे तोंडपाठ होते. चष्मा नसला तरी बोटांनी चाचपून ती चार आकडे दाबायची आणि बरोबर आपल्या मालिकेत उतरायची. दुपारी घरात ती एकटीच असते. सौ. शाळेत शिकवायला, मी बँकेत, नातू कॉलेजात. ते दोन-तीन तास तिचे होते. रिमोटही तिचा होता. मी विचारलं, "आई, हल्ली बघत नाहीस?" तर म्हणाली, "डोळे दुखतात रे." मी डोळे तपासून आणले. डॉक्टर म्हणाले, डोळे उत्तम आहेत.

एका शनिवारी सुट्टी होती म्हणून दुपारी घरी होतो. आईला वाटलं, मी झोपलोय. तिनं टीव्ही लावला. पडद्यावर प्रश्न आला, कोण बघतंय? आई मोठ्यानं म्हणाली, "मी."

टीव्ही गप्प. आई थोडा वेळ थांबली. मग पुन्हा, जरा समजावणीच्या सुरात, "मीच आहे."

पडद्यावर चार गोल चेहरे होते. आमच्या चौघांचे म्हणून चिरंजीवांनी केलेले. त्यात आईसाठी एका टोपीवाल्या अस्वलाचं चित्र निवडलेलं. स्वतःला अस्वल म्हणून ओळखण्याची सवय तिला नाही. तिनं नव्या रिमोटवरून बोट फिरवलं. त्याच्यावर आकडेच नव्हते. एक गोल चकती आणि दोन-चार बटणं, बस्स. तिनं चकती दाबली, काहीतरी उघडलं. शोधायचं तर एकेक अक्षर निवडत जायचं. तिनं कसंबसं 'क' गाठलं, मग ते पुसलं गेलं. तिनं टीव्ही बंद केला, रिमोट टेबलावर अगदी सरळ रेषेत ठेवला आणि खिडकीशी जाऊन बसली.

मी डोळे मिटून पडून राहिलो. पण मला दिसत होता आमच्या बँकेतला काउंटर.

आमच्याकडे महिन्याच्या सुरुवातीला पेन्शनर येतात. त्यांतले एक काका दर महिन्याला पासबुक भरून घेतात. भरून घेतात, नीट वाचतात, घडी करून पिशवीत ठेवतात. मी त्यांना किती वेळा म्हटलंय, "काका, कशाला उन्हातून येता? ॲप घ्या. घरबसल्या सगळं दिसतं." दर वेळी ते मान डोलावतात, "हो, नातवाला सांगतो," म्हणतात आणि पुढच्या महिन्यात पासबुक घेऊन येतात. मला वाटायचं, काका हट्टी आहेत. फार तर, नवीन शिकायची तयारी नाही. आमची यंत्रणा तर खात्रीची आहे! रात्री दोन वाजताही चालते. पण काकांना रात्री दोन वाजता बँक नको होती. त्यांना कोणाच्याही पाया न पडता आपलं आपण आपले पैसे पाहायचे होते. "नातवाला सांगतो" म्हणताना त्यांची मान खाली का जाते, हे मी आजवर काउंटरच्या अलीकडून पाहिलं होतं.

हे मला मुद्दाम लिहायचं आहे, कारण छत्री चांगली की फायबर, यावर घरोघर वाद चालतात आणि सगळे वाद वेग, पैसे आणि पाऊस यांवर संपतात. मीही तेवढंच मोजलं. छत्सीस हजार किलोमीटर मोजले, शेवटचे पाच किलोमीटर मोजले, शेवटचे वीस फूटही वायर टाकून मारले. त्याच्यापुढं आणखी हातभर अंतर असतं, रिमोटपासून माणसाच्या समजुतीपर्यंतचं, ते मोजायचं राहून गेलं. सगळं तिथंच अडलं होतं. आणि तिथं चक्रसुद्धा फिरत नाही. माणूस नुसतं "डोळे दुखतात" म्हणतो.

संध्याकाळी मी चिरंजीवांना सांगितलं. एरवी तत्काळ उत्तर देणारा हा मुलगा थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "बाबा, वरची डिश आहे ना अजून?"

सरकारी डीडी फ्री डिश २००४ च्या डिसेंबरपासून आहे. तिला महिन्याचं भाडं नाही. डबा एकदा विकत घ्यायचा, संपलं. सह्याद्री वाहिनी त्यावर आहे, लिलावात जागा घेतलेल्या आणखीही काही वाहिन्या आहेत. आईच्या सगळ्या मालिका तिथं नाहीत, हे कबूल. तिची रात्रीची एक मालिका ॲपवरच आहे. ती आता नातू कुठंही असला तरी आठला येऊन लावून देतो आणि शेजारी बसून तिला नावं ठेवतो. पण दुपार पुन्हा तिची झाली. नव्या डब्याच्या रिमोटवर आकडे आहेत. तिनं तीन दिवसांत पाठ केले.

त्यासाठी डिशवाल्याला बोलावलं, पाऊस सुरू व्हायच्या आत. हा उपग्रह वेगळा, ९३.५ अंश पूर्व रेखांशावरचा. म्हणून जुन्या छत्रीची मान थोडी वळवावी लागते. तो गच्चीवर चढला. वर फोनला नीट रेंज मिळेना, तेव्हा त्यानं कठड्यावरून वाकून, या धंद्यात परंपरेनं चालत आलेला प्रश्न विचारला, "आलं का?"

मी खाली ओरडलो, "आलं का?"

आतून आईचा आवाज आला, "मुंग्या आहेत!"

"मुंग्या!" मी वर ओरडलो. वास्तविक हल्लीच्या टीव्हीवर मुंग्या येत नाहीत. एक तर चित्र येतं नाहीतर निळा पडदा. पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

"आता?"

"आता?"

"आलं, आलं! राहू दे तस्संच, हलवू नका म्हणावं!"

सदतीस-अडतीस वर्षांपूर्वी गच्चीवर वडील होते, टीव्हीसमोर आई होती आणि मी जिन्यात होतो. आज गच्चीवर डिशवाला होता, टीव्हीसमोर आई होती, तिच्याशेजारी नातू होता. मी जिन्यातच होतो.

बँकेत काय किंवा घरी काय, मला बढती अशी कधी मिळालीच नाही.